आवाज कधी येतो, ते आधी सांग

“सर, गाडी आवाज करतेय.” मोखाड्याहून जव्हारपर्यंत आलास ते एवढंच सांगायला? कसला आवाज म्हणून विचारलं, तर “येतो कसलातरी.” कधी येतो? “अधूनमधून.” कुठून येतो? “पुढून.” अरे, एखाद्या गिऱ्हाइकाने असं सांगितलं असतं तर मी समजून घेतलं असतं. तू आयटीआयमध्ये दोन वर्षं मोटार मेकॅनिकचा ट्रेड केलेला मुलगा आहेस. माझ्यासमोर उभं राहून इंजिन उघडलंस, परत बसवलंस, सर्टिफिकेट घेऊन घरी गेलास. तुझ्या तोंडी ही उत्तरं शोभतात का?

काल गाडीत तुझी आई बसली होती म्हणून गप्प राहिलो. तिच्यादेखत तुझी शोभा करायची नव्हती. म्हणून आज लिहून पाठवतोय. दोनदा वाच.

पाडव्याला गाडी घेतलीस. कर्ज काढून घेतलीस, पिवळ्या पाटीची घेतलीस, कारण त्यावर घर चालवायचं आहे. चांगलं केलंस, मला आनंद झाला. पण आवाज यायला लागल्यावर तू काय केलंस? आधी टेप मोठा केलास. मग स्टँडवर चहा पिता पिता सगळ्यांना विचारत सुटलास. एक म्हणाला टॅपेट, दुसरा म्हणाला क्लच प्लेट, तिसरा म्हणाला इंजेक्टर गेला, चौथा म्हणाला नवी गाडी आहे, चालवून चालवून बसेल आवाज. त्यांच्यातल्या एकाने तरी बॉनेटजवळ कान नेला होता का? गाडीत बसून चार किलोमीटर आला होता का? आणि शेवटी रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याच्या हातात गाडी दिलीस. वॉरंटीतली गाडी! खालचं कव्हर काढ म्हणालास, पाइप बघ म्हणालास, “जरा टाइट कर” म्हणालास. काय टाइट कर? कशासाठी? आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तशातली गत.

त्या मिस्त्रीचा राग मला नाही. तो पोटासाठी काम करतो आणि जुन्या जीप त्याच्या हाताखालून चांगल्या निघतात. राग तुझा आहे, कारण तुला कळत होतं. कंपनीतून गाडी निघते तेव्हा महत्त्वाच्या बोल्टवर रंगाची एक रेघ मारलेली असते. अर्धी बोल्टच्या डोक्यावर, अर्धी खालच्या धातूवर. बोल्ट ठरलेल्या टॉर्कला कसला आहे याची ती खूण. कुणी पाना लावून बोल्ट जरा जरी फिरवला, की रेघ तुटते. काल मी बॅटरी घेऊन वाकून पाहिलं. इंजिनाच्या माउंटिंगच्या बोल्टवरची पिवळी रेघ सरळ सरळ सरकलेली आहे आणि बोल्टच्या कडांवर पाना घसरल्याचे ओरखडे आहेत. खालच्या कव्हरच्या क्लिपा गायब आहेत, तिथे तारेने बांधलंय. सर्व्हिस सेंटरच्या माणसाला हे पाहायला अर्धं मिनिट पुरतं. वॉरंटी कंपनीच्या कारखान्यातल्या दोषाची असते. बाहेरच्या हाताने झालेल्या बिघाडाची नसते, असं तुझ्या पुस्तिकेत छापलेलं आहे. म्हणजे उद्या ते म्हणणार, “हा आवाज तुमच्या मेकॅनिकने आणला.” त्यांच्या हातात तू आयतं कोलीत दिलंस. त्यात मोठा हॉर्न आणि दिवे बसवताना वायरिंग कापून जोड दिलेत, ते वेगळंच. पुस्तिका उघडलीस तरी का कधी? डॅशबोर्डच्या खणात ती अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होती.

आता कालचं नीट आठव. माझ्या घरासमोर तुझ्याकडूनच गाडी चालवून घेतली, ती हौस म्हणून नव्हे.

आधी जागेवर उभी करून, न्यूट्रलमध्ये, हळूहळू रेस द्यायला लावली. काटा दोन हजाराच्या जरा अलीकडे आला की खालून पत्र्याची झणझण सुरू. अडीच हजाराच्या पुढे गेला की झणझण बंद. एसी लावला, तेवढीच. एसी बंद केला, तेवढीच. क्लच दाबला, सोडला, फरक नाही. चाक फिरत नव्हतं, म्हणजे चाकाचं बेअरिंग आणि ब्रेक सुटले. क्लच दाबल्याने बदल नाही, म्हणजे रिलीज बेअरिंगवरचा संशय उतरला. एसीच्या कॉम्प्रेसरचाही प्रश्न मिटला. एक पाना न लावता, पाच मिनिटांत अर्धी गाडी निर्दोष ठरली. ठरावीक आरपीएमलाच वाजणारी आणि पुढे गप्प होणारी पातळ झणझण बहुतेक वेळा सैल पत्र्याची असते. सायलेन्सरच्या नळीवर उष्णता अडवायला पत्रा बसवलेला असतो, तसल्या एखाद्याची.

मग तुला वरच्या चढावर नेलं. तू चौथ्या गियरमध्ये, रेस मारत, गाडी ओढत चढवलीस आणि लगेच दुसराच आवाज आला. पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा, बारीक, कोरडा. तुला म्हटलं, तिसरा टाक. टाकलास आणि आवाज गेला. तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत बसलास! अरे, हे नॉकिंग. वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवलंय मी. कमी आरपीएमला जास्त भार टाकला, की सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता कोपऱ्यात स्वतःच पेटतं आणि त्या दाबाच्या धडकांचा आवाज येतो. हल्लीच्या इंजिनाला नॉक सेन्सर असतो. तो ही धडक ओळखतो आणि ठिणगी जराशी उशिरा पाडायला लावतो. पण तू चढावर मुंगीच्या पावलाने चौथा गियर ओढणार असशील, तर तो बिचारा किती सांभाळून घेणार? पेट्रोल वाचवतो म्हणालास. पेट्रोल वाचत नाही आणि पिस्टनला मार बसतो. हा आवाज कंपनीचा नाही, तुझ्या गियरचा आहे.

त्यावर विचारलं, पेट्रोल कुठे भरतोस? मान खाली. पंप लांब पडतो म्हणून रस्त्यावर बाटलीत मिळतं ते टाकतोस. ते कधीचं आहे, कशात ठेवलं होतं, त्यात काय मिसळलंय, याचा पत्ता कुणालाच नसतो. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये काय होत असेल, याचा विचार तू करायला हवा होतास. आजपासून बाटलीचं पेट्रोल बंद. जव्हारला आलास की टाकी भर, पावती ठेव. नॉकिंगची तक्रार केलीस तर पहिला प्रश्न तोच येईल.

आणि तिसरा आवाज? शिट्टीचा? तो त्या गॅरेजातून आलास त्यानंतरचा आहे, असं तुझी आई म्हणाली, तू नाही. तिच्या लक्षात राहिलं! एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाची क्लॅम्प तिरकी बसवलीय. तिथून हवा आत ओढली जाते, न गाळता. पाऊस सरला की पाड्यांकडच्या कच्च्या रस्त्यांवर जी धूळ उडते, ती सगळी त्या फटीतून सिलिंडरमध्ये जाईल आणि रिंगा खाईल. आवाज बारीक आहे म्हणून नुकसान बारीक नसतं.

म्हणजे बघ. झणझण कंपनीची, खडखड तुझी, शिट्टी त्या मिस्त्रीची. तिघांचे मालक वेगळे, इलाज वेगळे, खर्च कुणी करायचा तेही वेगळं. आणि तू तिघांना मिळून “आवाज” म्हणत होतास. मग कोण काय दुरुस्त करणार?

वर्गात मी एकच गोष्ट घोकून घेत होतो. हत्याराला हात लावण्याआधी आवाजाची हजेरी घ्यायची. इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर? आरपीएमबरोबर वाढतो की चाकाच्या वेगाबरोबर? भार असताना येतो की पाय काढल्यावर? वळणावर येतो का आणि कुठल्या बाजूच्या वळणावर? खड्ड्यात येतो का? पावसात भिजल्यावर सकाळी सकाळी किंचाळतो आणि दोन मिनिटांनी गप्प होतो का, म्हणजे पट्टा बघायला हवा. वळताना कट्कट् येते का, म्हणजे एक्सलचा जॉइंट. वेगाबरोबर घूं घूं वाढते आणि न्यूट्रल केलं तरी तशीच राहते का, म्हणजे चाकाचं बेअरिंग किंवा टायर. (ही न्यूट्रलची परीक्षा सपाट मोकळ्या रस्त्यावर करायची. तोरंगणच्या घाटात उतारावर न्यूट्रल करताना मला दिसलास, तर तिथेच थांबवून किल्ली काढून घेईन.) आपल्या रस्त्यांवर तर आणखी एक हमखास दुखणं, ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात अडकलेली खडी. करकर अशी वाजते की माणसाला वाटावं गियरबॉक्सच फुटला. रिव्हर्स घेतली की कधी कधी खडी आपोआप पडते.

घाटमाथ्यावरच्या मुलाला उंदरांबद्दल मी सांगावं लागू नये, तरी सांगतो, कारण तू गाडी भाताच्या उडवीला खेटून लावतोस. पावसात उंदराला कोरडी, उबदार जागा हवी असते आणि नुकतंच बंद केलेलं इंजिन त्याला आयतं मिळतं. एअर फिल्टरच्या डब्यात पसाभर भाताची तुसं आणि कुरतडलेल्या फोमचा गोळा मी स्वतःच्या हाताने काढलेला आहे. मालक पिकअप नाही, पिकअप नाही म्हणून रडत होता. वायर कुरतडली तर तेही वॉरंटीत धरत नाहीत. गाडी उडवीपासून लांब, मोकळ्यावर लाव.

सगळेच आवाज आजाराचे नसतात, हेही तुला माहीत असायला हवं. गाडी बंद केल्यावर पंखा थोडा वेळ फिरतो, तो फिरायलाच हवा. बंद केल्यावर सायलेन्सर टिक टिक करतो, धातू थंड होऊन आकसत असतो. पेट्रोलच्या टाकीची वाफ इंजिनात सोडणारी एक झडप असते, ती चालू असताना टकटकते. एसीचा कॉम्प्रेसर लागताना खट्ट होतं. सर्व्हिस सेंटरमध्ये “हा नॉर्मल आवाज आहे” म्हणतात तेव्हा ते दर वेळी खोटं बोलत असतात असं नाही. आणि दर वेळी खरंही बोलत नसतात. त्याची परीक्षा सोपी आहे. त्याच मॉडेलची दुसरी गाडी आवारात उभी असते. म्हण, ती शेजारी लावा, दोन्ही सुरू करा, तेवढ्याच आरपीएमला ऐकवा. दोन्हींत असेल तर गप्प घरी ये. तुझ्याच गाडीत असेल तर “नॉर्मल” हा शब्द जॉबकार्डवर लिहून सही मागायची.

आता तिथे गेल्यावर काय बोलायचं ते ऐक. “सर म्हणाले सायलेन्सरचा पत्रा सैल आहे” असं सांगायचं नाही. माझं नाव तर अजिबात घ्यायचं नाही. तू निदान सांगितलंस की ते तेवढंच तपासतील, पत्रा आवळतील आणि गाडी हातात देतील. माझा अंदाज चुकला असेल, तर खरा दोष तसाच राहील आणि वर “तुम्ही सांगितलं तेच केलं” हे ऐकून घ्यावं लागेल. लक्षण सांग. “गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन गरम, काटा दोन हजाराच्या अलीकडे, खालून पत्र्याची झणझण, अडीच हजाराच्या वर नाही.” हेच वाक्य, तुझ्या शब्दांत, जॉबकार्डवर ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात लिहून घे. तिथला मुलगा “जनरल चेकअप” किंवा “इंजिन नॉइज” एवढंच टाइप करायला बघेल. ती नोंद दुरुस्त करून घेतल्याशिवाय सही करायची नाही. तारीख आणि रनिंग बरोबर आहे का बघ. मोबाइलवर व्हिडिओ करून ठेव आणि त्यात आरपीएमचा काटा दिसला पाहिजे. काटा नसलेला आवाज कुठल्याही गाडीचा असू शकतो. गॅरेजवाल्याने हात लावलाय हे लपवायचं नाही. कव्हर कुणी काढलं, बोल्ट कुणी फिरवला, सरळ सांगायचं. क्लॅम्प, माउंटिंगचा बोल्ट आणि क्लिपांचे पैसे तुझ्या खिशातून जातील, जाऊ देत. एक खोटं सापडलं की तुझ्या खऱ्या तक्रारीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

स्कॅनर लावून “एरर नाही” म्हणाले, तर गाडी उचलून आणू नकोस. सैल पत्र्याचा कोड नसतो, तो कानालाच कळतो. त्यांच्या माणसाला शेजारी बसव आणि टेस्ट ड्राइव्ह माग. आधी उभ्या गाडीत ऐकव, मग भार पडल्यावरचा आवाजही ऐकव. पालघरला जाणार असशील तर मनोरकडून येताना वाघोबा खिंड लागते. त्या चढावर त्याला घेऊन जा, तिसऱ्यात चालव आणि त्याला ऐकू दे. स्टिअरिंग त्याच्या हातात दिलंस तर आणखी चांगलं.

आणि ती भाषा बंद कर. “नवीन गाडीच बदलून मागतो, कोर्टात खेचतो!” काल तीनदा म्हणालास. कायदा माहीत करून घे, मग खेच. २००६ साली मारुतीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, वॉरंटीच्या अटीत कंपनीने सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून द्यायचा आहे. त्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. २०१० मध्ये तर तुझ्यासारखंच दुखणं घेऊन एक माणूस तिथवर गेला होता. फियाटची गाडी, तक्रार इंजिनाच्या आवाजाची. कंपनीने इंजिनच बदलून दिलेलं होतं. न्यायालय म्हणालं, आवाजाखेरीज गाडी चालू नये असा मोठा दोष दिसत नाही; मात्र स्वतंत्र तंत्रज्ञाने गाडीत मूळचा उत्पादनदोष आहे असं मत दिलं, तर गाडीची किंमत व्याजासह परत मिळेल. यातला स्वतंत्र तंत्रज्ञ लक्षात घे. तुझ्या आरडाओरड्यावर काही ठरत नाही. तपासणीवर आणि कागदावर ठरतं.

तुझे हक्क आहेत, ते कुणी काढून घेत नाही. पिवळी पाटी आहे म्हणून तू ग्राहक नाहीस असं कुणी सांगितलं, तर त्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दाखव. धंद्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून स्वतः वापरणारा माणूस ग्राहकच धरला जातो. तू स्वतः चालवतोस. चालक ठेवून तीन-तीन गाड्या पळवायला लागलास, तर गोष्ट वेगळी. तू राहतोस त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. पण हे सगळं नंतरचं. दोन-तीन जॉबकार्डं हातात नसताना आयोगापुढे काय ठेवणार आहेस? फक्त तोंड? आणि पिवळ्या पाटीच्या गाड्यांना वॉरंटीची मुदत कितीकदा वेगळी असते, ती तुझ्या पुस्तिकेत आजच बघ. पहिल्या सर्व्हिसची तारीख किलोमीटरवर मोजत बसलास, महिना उलटून गेला. दोन्हींतलं जे आधी होईल ते, असं तिथे लिहिलेलं असतं.

मी इतका का चिडलोय, ते तुला कळत नसेल तर सांगतो. तुझ्या गाडीत फक्त जत्रेची आणि लग्नाची माणसं बसत नाहीत. खोडाळ्याकडच्या पाड्यांवरून रात्री-अपरात्री बाळंतपणाची बाई घेऊन तू जव्हारच्या कुटीर रुग्णालयात येतोस. पावसात, मोऱ्यांवरून पाणी वाहत असताना, मोबाइलची रेंज येत-जात असताना येतोस. अशा माणसाला आपल्या गाडीचा कुठला आवाज चालवून न्यायचा आणि कुठल्या आवाजाला जागच्या जागी इंजिन बंद करायचं, हे कळलंच पाहिजे. पत्र्याची झणझण घेऊन दवाखाना गाठता येतो. पण इंजिनाच्या खालच्या अंगाने जड ठकठक यायला लागली, रेसबरोबर वाढली आणि ऑइलचा लाल दिवा लागला, तर पुढच्या वळणापर्यंतसुद्धा जायचं नाही. बंद. त्याच क्षणी. वाहत्या पाण्यातून काढल्यावर गाडी बंद पडली, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तोही खर्च कंपनी देत नाही. हा फरक टेप मोठा करून कळत नाही. टेप बंद ठेव. निदान पाड्यापासून मोखाड्यापर्यंत रोज एकदा काचा खाली करून, काही न लावता चालव आणि ऐक. आज गाडी कशी वाजते हे तुला पाठ असेल, तरच उद्याचा बदल कळेल.

आज संध्याकाळी वहीत तिन्ही आवाज वेगवेगळ्या पानांवर लिही आणि फोटो मला पाठव. सर्व्हिस सेंटरला फोन करून वेळ घे, न सांगता जाऊन दिवसभर रांगेत बसू नकोस. पुस्तिका, पावत्या, व्हिडिओ बरोबर ने. तारेने बांधलेलं कव्हर तसंच ने, घाईघाईने नव्या क्लिपा लावून झाकू नकोस. आणि गाडी एक-दोन दिवस तिथे राहील हे धरून चाल. तुझ्या भागातल्या आशाताईंना आदल्या दिवशीच फोन करून सांग, की या दोन दिवसांत गाडी नाही, आणि कुणाची तारीख जवळ आली असेल तर दुसऱ्या गाडीवाल्याचा नंबर त्यांना स्वतः दे, त्याच्याशी आधी बोलून.